बिजलीच्या तोंडातलं लोखंड

मोहाडीच्या खेमराजचा खानदानी धंदा लुगडी विणण्याचा. बायका साडीकडे वळल्या तेव्हा त्यानं वर्षभर हातमाग आणि लग्नसराईत नवरदेवाची घोडी असा जोडसंसार मांडला. एका धंद्यात माल बसून राहतो, दुसऱ्यात गिऱ्हाईक. फरक तेवढाच, असं तो म्हणायचा.

म्हातारी घोडी गेल्यावर त्यानं कोवळी घोडी आणली. गावात वीज जशी यायची-जायची, तसा हिचा स्वभाव. म्हणून नाव बिजली. खोगीर तिनं फारशी कुरकुर न करता मान्य केलं. भांडण होतं ते लगामाशी. तोंडात लोखंड गेलं आणि खेमराज वर बसला, की ती मान आभाळाकडे फेकायची आणि उजवीकडे गोल फिरू लागायची. थोड्या वेळानं स्वाराला स्वतःचं घर कोणतं हे ठरवावं लागे.

अशात यादोराव वरात सांगायला आला. बौद्धवाड्यातला यादोराव खेमराजचा शेताचा शेजारी. धुऱ्याच्या बांधावरून दोघं निम्मं आयुष्य भांडलेले, म्हणजे जवळचेच. त्याच्या पोराचं, जीवनचं, लग्न ठरलं होतं.

"माह्या लग्नात बापानं घोडी मांगतली, त घोडीवाला म्हणे घोडीचा पाय दुखून राहिला," यादोराव म्हणाला. "दुसऱ्या दिवशी थेच घोडी पाटलाच्या पोराले घेऊन नाचत होती. माहा जीवन घोडीवरच बसन. तुह्या घोडीचा पाय त नाही दुखत ना, खेमराजभाऊ?"

"पाय नाही जी दुखत," खेमराज म्हणाला. तोंडाचं त्यानं सांगितलं नाही.

रात्रीच्या जेवणात त्याचं लक्ष नव्हतं. वरातीच्या दिवशी बिजली बिघडली, तर खरं कारणही त्या जुन्या कारणासारखंच ऐकू येणार होतं.

बाजारात बाबूलालचं खोगीर-लगामाचं दुकान लागे. बाबूलालचा सिद्धांत सोपा होता. "जनावर जितकं कोवळं, लोखंड तितकं सख्त पायजे. मंग बघा, कशी आदत पडते." त्यानं काटेरी लगाम काढून दिला. तो घालून पहिल्याच फेरीत बिजलीच्या ओठाचा उजवा कोपरा सोलून निघाला आणि खेमराज उकिरड्यात पडला. त्यानं उठून काटेरी लगाम तिथेच टाकला. ती जागा आपल्यापेक्षा लगामालाच जास्त योग्य, असं त्याला वाटलं.

मग आला जाड, गुळगुळीत, मध्ये जोड असलेला लगाम. यादोरावनं तो हातात घेऊन पाहिला.

"दोन तुकडे केले की कारभार हलका होते म्हणतेत," तो म्हणाला. "आपला जिल्हा तोडून गोंदिया वेगळा केला, तई त कारभार हलका नाही झाला. घोडीचा होते का पाहू."

थोडा झाला. घोडी मान कमी फेकू लागली, पण फिरणं उजवीकडेच.

खेमराजची बायको शोभाताई अंगणात चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली असे. एके सकाळी तिनं चरखा थांबवला.

"अजी, घोडीवर बसून राहिले का मागावर?"

"काहून?"

"उजवा हात पाहा ना तुमचा. धोटा मारून राहिले तुमी!"

खेमराजनं पाहिलं. लहानपणापासून त्याचा उजवा हात मागाच्या दोरीला हिसका देऊन सुताचा धोटा इकडून तिकडे पळवत आला होता. आता घोडीचं पाऊल पडलं की हात आपसूक हिसकत होता आणि लगाम उजवीकडे ओढत होता. लोखंड कोणतंही घाला, बिजलीच्या तोंडात रोज लुगडं विणलं जात होतं.

ओठाची जखम भरेपर्यंत त्यानं लगामाचं नावच काढलं नाही. नाकावर नुसती दोरी. नंतर तोच जोडाचा लगाम शोभाताईनं गूळ लावून घातला, ओठांच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहते का ते चाचपलं आणि नवऱ्याचं उजवं कोपर दुपट्ट्यानं त्याच्याच बरगड्यांशी आवळून बांधलं. बिजली अंगणातून निघाली ती सरळ तहसील कचेरीपर्यंत गेली. तिथपर्यंत सरळ जाणं माणसांनाही क्वचितच जमतं.

वरातीला बँडनं कानठळ्या बसवल्या. जीवन घोडीवर घामाघूम. खेमराज डाव्या हातानं लगाम धरून चालला होता, उजवा हात अंगाशी बांधलेला. यादोरावनं बांधलेला हात पाहिला आणि त्याचा चेहरा पडला, मग घोडी सरळ चाललेली पाहून फुलला.

"घोडीचा पाय ठीक आहे. घोडीवाल्याचाच हात दुखून राहिला का गा?"

"दुखत नाही जी. तिले त्रास देते, म्हणून बांधला."

पाटलाच्या घरासमोर फटाके वाजले. बिजली थांबली. कान मागे गेले. मग तिनं तोंडातलं लोखंड सावकाश चघळलं, ओठांवर फेस आला आणि ती पुढे निघाली, सरळ.

विहारापाशी जीवन उतरला. यादोरावनं घोडीला गुळाचा खडा दिला आणि डोळे पुसले. फटाक्यांचा धूर होताच. शोभाताईनं दुपट्टा सोडला. मोकळा झालेला उजवा हात हवेत एकदा हिसकला.

"चला आता घरी," ती म्हणाली. "थो हात मागाले पायजे."