होडीची सहा दारं

आधीच सांगते, माझं डोकं अजून तापलेलं आहे. तेव्हा मध्येच कुणी मला "जाऊ दे गं, सोड" म्हणू नका. सोडायचं असतं तर बोलायला बसलेच नसते.

माझा बाबा, मोरू, कोलशेतचा कोळी. चाळीस वर्षं खाडीत जाळं टाकलं त्याने. पुढे खाडीत कोण जाणे काय काय सोडायला लागले, आणि जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्याच जास्त यायला लागल्या. तरी बाबा जायचाच. आई ओरडायची, "रोज कचरा उचलाया जातंस काय? पालिका पगार देते का तुला?" शेवटी त्याने होडी काठावर ओढून उलटी घातली. तीन वर्षं तशीच पडून होती. सागाची होडी, स्वतःच्या हाताने बांधलेली. रोज सकाळी जाऊन तिच्यावर हात फिरवून यायचा, आणि आम्ही बघत नाही असं त्याला वाटायचं.

आमच्या गावाला खेटून टॉवर उभे राहिलेत. त्यातल्या एकात, चौदाव्या मजल्यावर, मेघना मॅडम राहतात. बिल्डरने दिलेली त्यांच्या किचनमधल्या कपाटांची दारं भुशाच्या पाट्यांची होती. खाडीची दमट हवा लागली आणि भिजलेल्या पावासारखी फुगली. मॅडमना नवीन दारं हवी होती, पण जुन्याच लाकडाची. नवीन झाड तोडायला नको म्हणे. आमची चित्राकाकू त्यांच्याकडे भांड्यांना जाते. तिने बाबाचं आणि त्याच्या पडून असलेल्या होडीचं नाव काढलं.

बाबा दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी होडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि करवत लावली. आई दार लावून घरात बसली. मी बँकेत नोकरीला आहे, संध्याकाळी आले तर होडीच्या जागी फळ्यांची चवड.

"बाबा, काय केलंस हे?"

"पडून सडली असती, बाय. कुनाच्या घरात तरी ऱ्हाईल."

होडीची फळी वाकलेली असते. तिचं सरळ दार करणं म्हणजे खायचं काम नाही. बाबाने सपाट तेवढे तुकडे वेगळे काढले. प्रत्येकावरून लोहचुंबक फिरवून आत रुतलेले खिळे शोधले, एकेक उपटला, भोकं बुजवली. तरी रंध्याचं पातं तीनदा खाल्लं त्या खिळ्यांनी. दीड महिन्यात सहा दारं झाली. वरचा काळा थर निघाला तसा आतून असा लालसर साग निघाला की आई दार उघडून बघायला आली.

मॅडम खूश. पाहुण्यांना दाखवायच्या, "खऱ्या मच्छीमाराच्या होडीचं लाकूड आहे हं!" सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले. आणखी दोन घरांतून विचारणा आली. काठावर गावातल्या अजून अकरा होड्या मरून पडल्या होत्या. बाबाने मनातल्या मनात अकराही जणींची दारं करून टाकली. साठीनंतर माणूस नवा धंदा शिकला होता. ही सहा दारं त्या किचनात टिकली तर त्याचं पुढचं सगळं होतं, नाहीतर होडीही गेली आणि धंदाही.

आणि मग माझ्या शहाण्या बापाने काय केलं? मे संपत आला, तसा तो कुणी बोलावलं नसताना चौदाव्या मजल्यावर गेला. "पावसाळ्याआधी तेल लावून जातो," म्हणाला. मॅडम लॅपटॉपवर मीटिंगमध्ये, त्यांनी मान हलवली. बाबाने सहाही दारांना आतून-बाहेरून, चोळून चोळून, मुशीच्या माशाचं तेल लावलं. पावसाळ्याआधी होडीला लावतात तेच. जन्मभर लावलं. लाकूड म्हटलं की तेल, त्याला दुसरं काही माहीतच नाही! वर एक पैसा मागितला नाही.

तासाभरात तीन मजल्यांवर बोंब. ग्रुपवर नुसता शिमगा. "हे फिश मार्केट आहे का?" "ह्या लोकांना आत सोडतं कोण?" ह्या लोकांना! अरे, चार दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या असत्या तर वास उडाला असता. पण नाही. होडी भिंतीवर मिरवायला हवी, मासळीचा वास मात्र नको. वा रे वा! सेक्रेटरीचा निरोप आला, दारं काढून न्या, परत गेटच्या आत यायचं नाही.

रविवारी मी बाबासोबत निघाले. रस्ताभर माझं तोंड चालू. एकेकाला कसं सोलून काढते बघ, म्हटलं. बाबा म्हणाला, "जरा हळू बोल, लोक बघतात."

मॅडमच्या घरात सेक्रेटरी आधीच येऊन उभा होता. मला बघून त्याचा चेहरा फुलला. "अरे, प्राप्ती मॅडम! तुम्ही इकडे कशा?"

सोसायटीचं खातं आमच्या शाखेत आहे. हा माणूस आला की आमचे मॅनेजर खुर्चीतून उठतात, आणि मी चहा सांगते.

"ह्या माणसाने बिल्डिंगभर घाण करून ठेवलीय बघा," तो म्हणाला. "तुम्ही ह्याच्याबरोबर आहात का?"

माझं तोंड उघडलं. शपथ घेऊन सांगते, उघडलं. आवाज आला नाही.

बाबाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाय साहेब," तो म्हणाला, "ह्या मॅडम लिफ्टमंदी भेटल्या." आणि खाली बसून पहिल्या दाराचा स्क्रू काढायला लागला.

सहा दारं, बारा बिजागऱ्या. मी सोफ्यावर बसून मेघना मॅडमनी दिलेलं सरबत प्यायले. बाबा एकेक दार डोक्यावर घेऊन सामानाच्या लिफ्टने खाली नेत होता.

घरी आल्यावर आईने दारातच विचारलं, "काय झाला? बोललीस ना त्यांना?"

मी चप्पल काढत राहिले.

"बोलली म्हणजे?" बाबा टेम्पोतून दार उतरवत म्हणाला. "अशी भांडली, अशी भांडली, सगल्यांची तोंडं बंद केली तिनं. तेच लोक नालायक."

आईने तिथूनच शेजारच्या बायकांना हाका मारल्या आणि माझी लेक कशी भांडून आली ते सांगायला लागली. मी मध्ये बोलले नाही. तेव्हाही नाही.