इनासदादांनी स्वतःवर घेतलेली चूक

सन १९८४, मे महिन्यातला शनिवार. औषधाच्या नळीला पासष्ट रुपये पडले होते. गोठ्यात हजर तिघे: मी, माझी पत्नी सुमन आणि इनासदादा.

दादा जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. औषध देण्याआधी ते घोड्याच्या तोंडात दोन बोटं घालून गवताची काडी न् काडी बाहेर काढत. “तोंडात घास असंल तर औषध घासासंगं भायेर,” म्हणत. मग जिभेच्या मागच्या बाजूला पेस्ट सोडून, घोडा गिळेपर्यंत त्याचा जबडा वर धरून उभे राहत.

निर्मळ गावाहून स्टेशनपर्यंत आमची फुलं-भाजीची गाडी ओढणारी घोडी विताना गेली. तिचं शिंगरू सुमनने बाटलीच्या दुधावर वाढवलं. सहा महिन्यांत त्याचं पोट घागरीसारखं झालं आणि बरगड्या वर आल्या. जंतच होते. रेसकोर्सवरच्या ओळखीच्या माणसाकडून मी जंतांवरची परदेशी पेस्ट मागवली, नळीत भरलेली. फितीने छातीचा घेर नि लांबी मोजून वजन काढलं, एकशे दहा किलो. नळीच्या दांड्यावरची मापाची कडी मी एकशे दहा किलोच्या खुणेवर आणली. दादांनी ती पंचावन्नवर सरकवली.

“नळीवर घोड्याचं वजन लिवलंय भाऊ, जंतांचं नाय. सगले एकदम मेले तर आतडं तुंबल. उरलेलं पंदरा दिसांनी.”

मला ते पटलं नाही. अर्ध्या मापाने औषध वाया जाणार, असा माझा हिशोब. दादा गेल्यावर, सुमन विहिरीवर असताना, उरलेलं अर्धं मी देऊन टाकलं.

रविवारी सकाळी शिंगरू घामाने भिजून लोळत होतं, वळून वळून पोटाकडे बघत होतं. दादा चर्चमधून पांढऱ्या शर्टातच आले. पोटाला कान लावला. “काय वाजत नाय.” मग त्यांची नजर फळीवरच्या, एकशे दहापर्यंत दाबलेल्या नळीवर गेली आणि तिथून माझ्यावर आली.

“काय दिलंत हो दादा माझ्या लेकराला?” सुमन ओरडली. “हात बिघडला का तुमचा?”

“व्हय गं बाय. माजा अंदाज चुकला.”

मी दोर धरून उभा होतो.

दादांनी नाकातून रबरी नळी घालून पोटात तेल सोडलं. शिंगराला उठवायचं, चार पावलं चालवायचं, पुन्हा कान लावायचा. दुपारचे तीन वाजले तरी आत शांतता. चारनंतर दादांनी हात वर केला. “गुरगुरलं!” थोड्या वेळाने वीतवीतभर पांढऱ्या जंतांचा गोळा पडला, शिजलेल्या शेवयांसारखा. शिंगरू जगलं.

पण सुमनने दादांची पंधरा रुपये फी दिली नाही, आणि गावभर सांगितलं. सोपाऱ्याच्या दोन टांगेवाल्यांनी दादांना बोलावणं सोडलं. मी त्यांच्या घरी गेलो. “मी सांगतो तिला, दादा.”

“बस खाली. टांगेवाले येतील परत, जंत काय सुटी घेत नाय. तिनं त्याला बाटलीनं पाजलंय. आत्ता सांगशील तर घरात जेवन शिजल काय?”

टांगेवाले परत आले, पण वर्षाने. मी मात्र त्या “आत्ता”चा आधार घेऊन चार वर्षं गप्प राहिलो.

दादा वारले. मातीहून परतल्यावर त्यांच्या पत्नी मेरीबाईंसमोर मी पंधरा रुपये काढले आणि ते कशाचे, दुसरं अर्धं औषध कोणी दिलं, हे सुमनच्या देखत सांगितलं. सुमनने माझ्या हातातले पंधरा रुपये घेतले आणि स्वतः मेरीबाईंच्या हातात ठेवले.