सुईवाल्या मेतवल्लींचं पोट

दवाखान्याच्या मागच्या खोलीत अम्म मेतवल्ली, गावाचे काका, खाटेवर उताणे झाले, झगा छातीपर्यंत ओढला आणि स्वतःच्याच पोटावर बोटांनी वाजवून पाहू लागले. मधोमध पोकळ आवाज, कडेला बद्द. मग कुशीवर वळून पुन्हा वाजवलं. बद्द आवाज खाली सरकला होता. मी औषधांचा ट्रे घेऊन दारात उभी होते. हे वाजवणं मला त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे दोघांनाही एकाच क्षणी कळलं.

"पाणी झालंय, नगात," ते म्हणाले आणि झगा खाली केला. "बसीमाला मी सांगेन. तू बोलू नकोस."

कफ्र जम्मेझमध्ये हा रोग नवा नव्हता. आमच्या या कालव्याकाठच्या गावात बहुतेक घरांतून एखादा तरी माणूस असाच गेला होता, पोट टम्म आणि हातपाय काटकुळे होऊन. पण मेतवल्लींना तो होणं वेगळं होतं. चाळीस वर्षांपूर्वी, विशीत, ते या दवाखान्यात परिचर म्हणून लागले. कालव्याच्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या किड्यांवर तेव्हा सुया टोचण्याची मोहीम चालायची. शाळेतली मुलं ओळीने उभी राहायची. सुया मोजक्या, उकळायला एकच स्टोव्ह, आणि ओळ दारापासून उंबरासारख्या जम्मेझच्या झाडापर्यंत. सुई पाण्यातून काढायची, टोचायची, पुन्हा बुडवायची, की पुढचा दंड. किडे मेले. त्या सुयांनी एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात यकृताचा कोणता रोग नेला, ते कळायला पुढची वीस वर्षं गेली. घाईत ती सुई त्यांच्या स्वतःच्या बोटांतही कितीदा रुतली होती.

गावाने त्यांना कधी तोंडावर दोष दिला नाही. पण काही घरांतून त्यांना बोलावणं यायचं थांबलं होतं, आणि ते का, हे त्यांना ठाऊक होतं.

बसीमाने, त्यांच्या बायकोने, खारात मुरवलेल्या चीजची बरणी शेजारणीला देऊन टाकली, लोणचीही गेली. सकाळचं बाकल्याच्या दाण्यांचं वाटण बिनमिठाचं, वर जिरं आणि लिंबू. पहिल्या दिवशी ते म्हणाले, छान झालंय. आठव्या दिवशी ताट सरकवून ते अंगणात जाऊन बसले आणि बसीमाही मग जेवली नाही. रोज सकाळी चहाआधी ते दवाखान्यात येऊन काट्यावर उभे राहायचे. त्यांना आता पोटापलीकडचा काटा दिसत नसे, मी आकडा सांगायची. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून भिंतीला तीन उशा लावून बसल्या-बसल्या झोपायचे. बेंबी लिंबाएवढी बाहेर आली होती. बसीमाने झग्याच्या दोन्ही कुशींना जुन्या चादरीची पट्टी जोडली. रंग जुळत नव्हता, म्हणून ते दंड अंगाशी दाबून चालायचे.

कॉफीच्या दुकानात एकाने विचारलं, "कितवा महिना लागला रे मेतवल्ली?"

"जुळं आहे," ते म्हणाले. "घाई करू नकोस, तुलाच आत्या म्हणून बोलवीन."

सगळे हसले, तेही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते तिकडे गेले नाहीत.

याहून मोठी लाज त्यांनी महिनाभर लपवली. एके सकाळी काट्यावरून उतरले तरी जाईनात. माझ्याकडे न बघता म्हणाले, "छाती दुखते. दोन्ही बाजूंना. बायकांसारखी झालीय. बसीमासमोर कपडे काढत नाही मी." मी त्यांना सांगितलं की हे पाणी उतरवायच्या गोळीने होतं, डॉक्टर दुसरी गोळी देऊ शकतील. त्यांनी मान हलवली. नंतर म्हणाले, "माझ्याकडेही माणसं असं सांगायला आली असतील. मी काय उत्तर दिलं असेल, आठवत नाही."

गोळ्यांना पाणी दाद देईना, तेव्हा दर दहा-बारा दिवसांनी त्यांना तालुक्याच्या इस्पितळात नेऊन ते काढावं लागे. बसची पायरी त्यांना चढवत नव्हती. गावात पिकअप होती ती अराफाची. अराफाचा मोठा भाऊ जुमा चार वर्षांपूर्वी याच रोगाने, रक्ताची उलटी होऊन गेला होता. दोघे भाऊ त्या ओळीत होते. मी त्याला विचारायला गेले तेव्हा तो टायरला हवा भरत होता. माझं ऐकून घेतलं, हवा पुरी भरली आणि म्हणाला, "सातला तयार राहायला सांग."

तीन फेऱ्या तो एक शब्द बोलला नाही. मी दोघांच्या मध्ये बसायची. चौथ्या वेळी परतताना पोट ढिलं पडलं होतं, मेतवल्लींना श्वास नीट येत होता. त्यांनीच विषय काढला.

"जुमा ओळीत तुझ्या पुढे होता की मागे?"

अराफाने रस्त्यावरची नजर काढली नाही. "पुढे. लगेच पुढे."

"म्हणजे तीच सुई."

"तीच."



"तू रक्त तपासलंस?"

"नाही. कशाला? असेल तर असेल."

"गाडी थांबव," मेतवल्ली म्हणाले.

भातखाचरांच्या कडेला त्याने गाडी उभी केली. मेतवल्लींनी चादरीच्या पट्ट्यांचा तो झगा गळ्यापर्यंत वर केला. निळ्या शिरांचं जाळं, बाहेर आलेली बेंबी, सुईच्या जागेवरची पट्टी, ती छाती, सगळं उघडं. मी असतानाही. ज्याच्यासाठी महिनाभर बायकोपासून लपले, ते त्यांनी अराफाच्या पुढ्यात धरलं.

"नीट बघ. आता नव्या गोळ्या आल्यात. त्या माझ्या आतला रोग मारतील, पण यकृत परत आणून देणार नाहीत. तुझं अजून असेल. उद्या नगातकडे जा."

अराफाने पाहिलं. मग हात पुढे करून त्याने स्वतः तो झगा खाली ओढला आणि गाडी सुरू केली.

तो आला. त्याच्या रक्तात रोग निघाला, यकृत बऱ्यापैकी शाबूत होतं. त्यानंतर तपासणीच्या प्रत्येक दिवशी मेतवल्ली दवाखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. ओळीतल्या मुलांची नावं त्यांना पाठ होती, ती मुलं आता पन्नाशीला टेकली होती. नावानिशी हाक मारायचे. कोणी विचारलंच तर झगा वर करायचे. चौतीस जण आले. एकाने तोंडावर सांगितलं की आधी मारलंत, आता वाचवायला बसलात. ते म्हणाले, "हो. दंड पुढे कर, नगात टोचेल, सुई नवी आहे."

हिवाळ्यात त्यांचे हात फडफडू लागले. बोलण्यात गोंधळ यायचा, डोळे पिवळे झाले होते. एकदा मला त्यांनी ओळखलं नाही. मला बाई म्हणाले आणि माझं मूल ओळीतून काढून घरी न्यायला सांगितलं. त्या दिवशी मी घरी जाऊन खूप रडले. पुढच्या गुरुवारी दुपारी बसीमा त्यांचे पाय चोळत असताना ते गेले.

अराफाने गोळ्या पुऱ्या केल्या. तो बरा झाला. त्या चौतिसांतले पाच जण मात्र उशिरा आले होते, आणि त्यांच्या घरी मी अजून जाते.

शोकाच्या दुसऱ्या दिवशी जुमाची आई आली. मुलगा गेल्यापासून ती या गल्लीत फिरकली नव्हती. बायकांमध्ये भिंतीशी बसली. बसीमाने शोकाची बिनसाखरेची कॉफी तिच्यापुढे ठेवली. तिने पेल्याला हात लावला नाही आणि संध्याकाळची अजान होईपर्यंत उठलीही नाही. ती माफ करायला आली होती की ते खरंच गेले याची खात्री करून घ्यायला, मला कळलं नाही. बसीमाने विचारलं नाही. दोघी एकमेकींशेजारी बसून राहिल्या.