मधल्या सुट्टीची भाजी

गेली तीन वर्षं मी दिवसातून दोनदाच जेवतो. सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाच्या आत. मधे पाणी, फार तर बिनसाखरेचा काळा चहा. याचा मला फायदा झाला, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्याचा दोष उपाशी राहण्यावर जाऊ नये. दोष माझा आहे.

मी सोलापुरातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. एकोणपन्नासाव्या वर्षी रक्त तपासलं तेव्हा साखर काठावर आली होती. माझ्या वडिलांची नजर साखरेनं गेली. शेवटची सहा वर्षं ते ताटातली वाटी बोटांनी चाचपून जेवत. त्यामुळं 'काठावर' हा शब्द ऐकून मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, "गोळी लगेच देत नाही. तीन महिने देतो तुम्हाला. सहानंतर तोंड बंद ठेवा, सकाळी दहापर्यंत उघडू नका. दिवसा नीट जेवा." शिवाय हेही बजावलं, की ज्यांना आधीच गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मनानं असलं काही करायचं नाही.

तोवर माझं तोंड कधी बंद नसायचंच. सकाळी पोहे, मधल्या सुट्टीत डबा, चारला चहा आणि खारी, घरी जाताना गाड्यावरची भजी, नऊला जेवण आणि नंतर टीव्हीसमोर चिवड्याचा डबा. पहिले आठ दिवस डोकं दुखलं, वर्गात उगाच चिडचिड झाली. दहाव्या-बाराव्या दिवशी मात्र लक्षात आलं, की छातीतली जळजळ गेली आहे. शेवटच्या तासाला जी पेंग यायची ती येईना. झोप गाढ लागायला लागली. पट्ट्याला चांभाराकडून दोन नवी भोकं पाडून घेतली. तीन महिन्यांनी साखर उतरली आणि गोळी टळली. भूक लागली म्हणजे लगेच काही होत नाही, ती येते, थोडा वेळ थांबते आणि निघून जाते, ही गोष्ट मला वयाच्या पन्नाशीत कळली. हे सगळं खरं आहे, आणि आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

आता आमच्या चित्रकलेच्या सरांबद्दल सांगायला हवं.

ते माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. मंद्रूपच्या बाजूचे, शेतकरी घरातले. चाळीस वर्षं शहरात राहूनही त्यांची बोली तशीच राहिली होती. त्यांची पत्नी वारली तेव्हा मुलगा पुण्यात नोकरीला लागलेला होता, आणि सर इथं दोन खोल्यांत एकटे. पत्नी गेल्यावर पंधरा दिवसांनी ते शाळेत आले, मधल्या सुट्टीत फडकं सोडलं, त्यात तीन भाकरी आणि मीठ घातलेला कांदा.

"भाकरी मला येती," ते म्हणाले. "आईनं शिकवलीय. भाजी तेवढी न्हाय येत. केली हुती काल. कुत्र्यानं बी वास घिऊन तोंड फिरवलं."

मी घरी हे सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या बायकोनं तीन पुडांचा डबा काढला. एक पूड माझ्या भाजीचं, एक सरांच्या, एकात काहीतरी तोंडीलावणं. बदल्यात सर मला एक भाकरी द्यायचे. त्यांची भाकरी माझ्या बायकोच्या भाकरीपेक्षा पातळ आणि मऊ होती. हे मी घरी कधी बोललो नाही, पण सर मुद्दाम सांगायचे, "वैनीस्नी सांगा, शिकायची असंल तर शिकवीन. फी म्हणून मेथी चालंल." असं दहा-अकरा वर्षं चाललं. कधी शेपू असायची, कधी अंबाडी, कधी शेंगदाण्याचं कूट घालून भरलेली वांगी. वांगी असली की सर डब्याचं झाकण उघडायच्या आधीच खुर्ची पुढं ओढायचे.

माझा दोनदा जेवण्याचा नेम सुरू झाला आणि माझा डबा बंद झाला. पहिल्याच दिवशी बायकोनं विचारलं, "अहो, मग सरांची भाजी?"

भाजी तर घरात होतीच. मी दहाला तीच खाऊन निघायचो. एक पूड भरून न्यायला काहीच लागत नव्हतं. पण मी जो विचार केला तो असा: दीड वाजता मी रिकाम्या पोटी बसणार, समोर तो डबा उघडणार, मेथीचा वास येणार, आणि माझ्याच्यानं राहवणार नाही. मला स्वतःचा भरवसा नव्हता. हे मी तिला सरळ सांगू शकलो असतो. सरांनाही सांगू शकलो असतो. ते हसले असते आणि डबा घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसले असते.

त्याऐवजी मी म्हणालो, "सर नको म्हणालेत. तेही आता दुपारचं कमी करणार आहेत."

सर असं काहीही म्हणाले नव्हते. एवढं सोपं खोटं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. ते बोलून मी पायात चपला घातल्या आणि शाळेत गेलो.

सरांना काय सांगितलं? काहीच नाही. "मी दुपारचं जेवण सोडलं," एवढंच म्हणालो. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडं पाहिलं, मग आपलं फडकं सोडलं. "बरं केलं की," ते म्हणाले. "तब्येत पहिली."

महिनाभरात ते ताज्या भाकरीऐवजी कडक भाकरी आणायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "ही एकदा केली की आठ-पंधरा दिस बघाय नगं. अन हिला भाजी लागतच न्हाय, शेंगाचटणी बास." स्टाफरूममध्ये मी वर्तमानपत्र उघडून बसायचो आणि पलीकडून कडक भाकरी मोडल्याचा आवाज यायचा. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या वेळी मला त्याचं काहीही वाटत नव्हतं. उलट मी बोलायचो. जो भेटेल त्याला बोलायचो. भुकेच्या वेळी शरीर साठवलेली चरबी कशी वापरतं, हे मी एकदा स्टाफरूमच्या फळ्यावर आकृती काढून समजावलं. सरांनाही म्हणालो, "तुम्ही पण सोडून बघा दुपारचं. एकट्या माणसाला तर सोयीचं आहे. करायची कटकट नाही."

सर पाणी प्याले. "तुमी सहाला त्या घड्याळाला निवद दावता का न्हाय, सर?" त्यांनी विचारलं. सगळे हसले. मीही हसलो.

सहा महिन्यांनी डॉक्टरांकडं गेलो तेव्हा त्यांनी रिपोर्ट पाहून पाठ थोपटली. मग विचारलं, "दुपारी काय खाता?"

"काहीच नाही."

"का? दहा ते सहा म्हणजे आठ तास आहेत की. मधे भाजी-भाकरी खाल्ली तरी चालतं. मी कुठं नको म्हणालो?"

खरंच, ते नको म्हणाले नव्हते. 'दिवसा नीट जेवा' असंच म्हणाले होते. दुपारचं सोडणं ही मी घातलेली भर होती. इतरांपेक्षा मी जास्त करतो, हे मला दाखवायचं होतं. दवाखान्यातून बाहेर पडताना माझ्या मनात एकदा सरांची भाजी येऊन गेली. पण डबा परत सुरू करायचा तर बायकोला काय सांगणार? सर पुन्हा हो म्हणाले? आणि एखाद्या दिवशी तिनं त्यांनाच विचारलं तर? पहिलं खोटं झाकायला दुसरं बोलावं लागलं नाही, नुसतं गप्प बसून भागलं, म्हणून ते दीड वर्ष टिकलं.

सर निवृत्त झाले तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. घरच्या मंडळींनाही बोलावलं होतं. भाषणं संपली, चहा आला, आणि बायको सरळ सरांजवळ गेली. मी चार पावलांवर होतो.

"सर, माझ्या हाताला काय झालं होतं हो?" ती हसत म्हणाली. "एवढी वर्षं भाजी खाल्लीत आणि एकदम नको म्हणालात. मी तर ह्यांना विचारलं, मीठ जास्त पडलं की काय एखाद्या दिवशी."

सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. एखादा क्षणच. मी पायाखालच्या फरशीकडं बघायला लागलो.

"न्हाय वैनी," ते म्हणाले. "तुमच्या भाजीला नाव ठेवलं तर जीभ झडंल माझी. पोटच नगं म्हणत हुतं. वय झालं की आता." आणि पेढ्यांचं ताट उचलून माझ्यापुढं धरलं. "घ्या सर. सहा वाजाय अवकाश हाय अजून."

मी पेढा घेतला.

बायकोला खरं सांगायला मला आणखी पाच महिने लागले. एका सकाळी ती भरली वांगी करत होती आणि सहज म्हणाली, "सरांना किती आवडायची." मी तिथंच उभ्यानं सांगितलं. तिनं गॅस बारीक केला.

"दीड वर्ष ते कोरडं खात होते?"

"शेंगाचटणी असायची."

"आणि मी म्हणत होते, बरं झालं, मोठं पातेलं घासायचं वाचलं." तिनं वांगी हलवली. तळाला लागायला लागली होती. "तुम्ही स्वतःच्या नावानं तरी खोटं बोलायचं होतं," ती म्हणाली. "त्यांच्या नावानं का?"

पुढच्या रविवारी तिनं पुन्हा वांगी केली, तो जुना डबा काढला आणि तिन्ही पुडं भरली. "मी येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही जा."

निवृत्तीनंतर सर गावी भावाकडं राहायला गेले होते. एसटीनं मंद्रूपच्या पुढं उतरलो आणि चालत त्यांच्या गावी गेलो तोवर दीड वाजला होता. म्हणजे बरोबर आमची मधली सुट्टी. सर भावाच्या घराच्या ओसरीवर कागद पसरून बैलाचं चित्र काढत बसले होते. गालफडं आत गेली होती. मला बघून उठले, पाणी आणलं, भावाची चौकशी, मुलाची चौकशी, सगळं झालं. मी डबा पुढं ठेवला आणि बसमध्ये ठरवलेलं वाक्य बोललो.

"सर, तुम्हाला भाजी नको आहे असं मी घरी खोटं सांगितलं होतं."

"म्हाईत हाय की. निरोपाच्या दिवशी कळलं." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "त्याच्या आदी मला वाटायचं, वैनीच कटाळल्या असतील. धा-अकरा वर्सं कोण कुणाचा डबा भरतंय? मनात म्हनायचो, आपुनच लई भार घातला. कळायला पायजे हुतं आपल्याला."

मी याचा कधी विचारच केला नव्हता. भाजी गेली एवढंच मला माहीत होतं. त्या दीड वर्षात हा माणूस माझ्या समोर बसून स्वतःला ओझं समजत होता.

"मला विचारायचं ना, सर."

"काय विचारायचं? भाजी का आणत न्हाय म्हनून?" ते हसले. "मागायची असती का ती?"

मी डबा उघडला. वांग्यांचा वास ओसरीवर पसरला. मी म्हणालो, बसू, आज मीही जेवतो दुपारी. पूर्वी खुर्ची ओढायचे तसे सर पुढं सरकले नाहीत.

"दुपारचं सोडलंय मी आता," ते म्हणाले. "भावजय सकाळी करती, सांजच्याला करती. दुपारी समदी रानात. तुमीच सांगत हुता की, एकट्या मानसाला सोयीचं हाय म्हनून. सोय हाय खरी. पयल्यांदा जड गेलं, मग सवय लागली." त्यात टोमणा होता की नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांनी आतून पातेली आणून भाजी काढून घेतली. "सांजच्याला खातो. वैनीस्नी सांगा, खातो म्हनून."

निघताना त्यांनी डबा घासून दिला. रिकामा दिला नव्हता. वरच्या पुडात कडक भाकरीचे तुकडे भरले होते.

घरी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. बायकोनं डबा उघडला, तुकडे पाहिले. "खाल्ली का त्यांनी?"

"संध्याकाळी खातो म्हणाले."

तिनं एका ताटलीत भाकरी काढून माझ्यापुढं ठेवली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मुद्दाम नाही, सवयीनं. तिच्या ते लक्षात आलं आणि तिनं ताटली उचलून नेली.

दुसऱ्या दिवशी दहाला मी ती भाकरी मागून घेतली. "भाजी वाढू?" तिनं विचारलं. मी नको म्हणालो. शेंगाचटणी घेतली आणि खायला बसलो. पहिले दोन घास खमंग लागले. तिसऱ्याला पाणी घ्यावं लागलं. पाचव्या-सहाव्या घासाला टाळू सोलवटली, आणि घशाखाली उतरेना.

अर्धी भाकरी झाली तेव्हा मी भाजी मागितली.