जहिराभाभींचा पांढरा

आमच्या सावेडीतल्या कॉलनीत कुणाच्या बेसिनचा टवका उडाला, की फोन जायचा तो जहिराभाभींना. नवं बेसिन बसवायचं म्हणजे टाइल्स फोडणं आलं. त्यापेक्षा भाभी आणि त्यांचे मिस्टर जैनुद्दीनभाई दोन फेऱ्यांत टवका असा भरून द्यायचे, की पाहुण्याला कळू नये.

जैनुद्दीनभाई मूळचे फरशीवाले. गुडघे गेल्यावर त्यांनी हे काम धरलं. जागा हेअर ड्रायरनं वाळवायची, कडा घासायच्या, इपॉक्सीच्या दोन ट्यूब सारख्या मापानं कालवून भरायच्या, हे त्यांच्याकडे. रंग मात्र भाभींचा. एक पांढरा दुसऱ्यासारखा नसतो, हे मला त्यांनीच दाखवलं. कुठला निळसर, कुठला सायीसारखा, कुठला बोअरच्या पाण्यानं राखाडलेला. फरशीच्या तुकड्यावर टाचणीच्या टोकाएवढा पिवळा, काळा मिसळून त्या खिडकीशी नेऊन बघायच्या.

"मला तर सगळं पांढरंच दिसतं, ताई," भाई म्हणायचे. "डोळा हिचा." मग भाभी भिंतीकडे तोंड फिरवून हसायच्या.

मागच्या वर्षी माझ्या हातून पितळी तांब्या निसटला आणि बेसिनच्या काठाचा टवका गेला. दोघं आली. भाभी दाराची चौकट चाचपत आत शिरल्या. शुगरमुळे त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं, हे मला फार नंतर कळलं. त्यांनी फरशीचा तुकडा खिडकीशी अगदी नाकाजवळ धरला. बराच वेळ धरला. दुसऱ्या दिवशी घासून, पॉलिश करून काम संपलं. मी वाकून पाहिलं, तर पांढऱ्या काठावर हळदीचं बोट लागल्यासारखा डाग.

भाभींनी त्यावरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागत नव्हतं, इतकं गुळगुळीत.

"ताई, खरं सांगा. दिसतंय का?"

"छे हो! कुठं फुटलं होतं तेही सापडत नाही," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा खुलला. मला वाटलं, चला, एका माणसाचं मन राखलं.

तीन महिन्यांनी कळलं, की एका घरी मालकिणीनं त्यांना तोंडावर विचारलं, "हे काय पिवळं फासून ठेवलंय?" वर शेजारणींना बोलावून दाखवलं. मी मुकुंदनगरला त्यांच्या घरी गेले. भाभी पलंगावर बसल्या होत्या. माझा आवाज ओळखून त्यांनी मला जवळ बसायला जागा केली.

"त्या बाईंचा राग नाही, ताई. दिसलं ते बोलल्या. तुमच्याकडचंही पिवळंच झालं असणार. तुम्ही का नाही बोललात?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलंच असतं. पण तुमच्याच घरी वाटलं असतं. त्यानंतर, त्या बाईंच्या आधी, सात घरं केली मी. सातही जणी छान म्हणाल्या. त्याआधीची तरी नीट झाली होती का? आता कुणाचं खरं धरू?"

दाराशी उभे असलेले भाई म्हणाले, "चूक माझी. मला समजायला पाहिजे होतं."

"तुम्हाला कधी समजलंय ते?" भाभी म्हणाल्या. रागानं नाही. पण म्हणता म्हणता आवाज फाटला, आणि त्यांनी ओढणी तोंडाशी धरली.

त्यांनी काम बंद केलं. डोळ्यांत इंजेक्शनं झाली, एक ऑपरेशन झालं. नजर परतली नाही. उन्हाळ्यात त्यांची मुलगी नाझनीन दोघांना जामखेडला घेऊन गेली. भाई तिथं एका नळाच्या सामानाच्या दुकानात बसतात.

ईदला मी फोन केला. नाझनीनला मुलगी झाली होती. मी सवयीनं विचारून गेले, "कशी आहे हो दिसायला?"



"नाझनीनवर गेलीय म्हणतात सगळे," भाभी म्हणाल्या आणि फोन भाईंच्या हातात दिला.