धाकट्या मालकांची अयोध्या

आमच्या घरमालकांच्या धाकट्या भावाइतका सावकाश चालणारा माणूस साऱ्या खानदेशात झाला नसेल. मी मास्तर म्हणून नंदुरबारला गेलो आणि त्यांच्या माडीवर बिऱ्हाड केलं. सगळे त्यांना धाकटे मालक म्हणत. मालकीचं म्हणाल तर चार कुंचले आणि एक फुटकी बशी. मंडई घरापासून हाकेच्या अंतरावर, पण सकाळी वांगी आणायला निघालेले धाकटे मालक घरातली जेवणं उरकली तरी परतत नसत. परतत ते रिकाम्या हातानं, आणि चेहरा देवदर्शन घडल्यासारखा. वहिनी विचारायच्या, "वांगा कोठे शेतस?" "वांगा ऱ्हाई गयात, वहिनी. पन तेलीना बैलन्या पापन्या देखात मी. काय पापन्या शेतस!" वहिनी कपाळाला हात लावून पिठलं ढवळायला घेत.

कुणाचा कान आवडला, तर त्या माणसाला ते भर रस्त्यात उभं करत. "भाऊ, हालू नको. तुन्हा कान मन्हा ध्यानमा बसू दे." नवल म्हणजे लोक थांबत. कचेरीचा पट्टेवाला हातात टपाल घेऊन उन्हात उभा राहिलेला मी स्वतः पाहिला आहे.

एकदा गावात नाटक कंपनी उतरली. तिचा राजरस्त्याचा पडदा उंदरांनी खाल्ला होता. मॅनेजर धाकट्या मालकांकडे आले, "अयोध्या हवी. आठवड्याच्या आत." हे म्हणाले, "काढस." मग कापसाच्या जिनच्या रिकाम्या वखारीत स्वतःला कोंडून हा सावकाश माणूस अंगात आल्यासारखा रंगवत सुटला.

बाजारच्या दिवशी पडदा वाळायला बाहेर टांगला, आणि माझे पाय जागीच थांबले. राजवाड्याचा पत्ता नव्हता. होती आमचीच पेठ. मिरच्यांचे ढीग, तक्क्याला टेकून घोरणारे कापडवाले शेठ, तेल्याचा बैल पापण्यांसकट. आणि सगळ्यावर तिन्हीसांजेचा असा उजेड, ज्यातून मी रोज घरी जात होतो आणि जो मला कधी दिसला नव्हता. गर्दी जमली. शेठ ओरडले, "अरे, हा तर मी! पण मी दुकानात झोपतो कधी?" सारी पेठ हसली. मॅनेजर तेवढे लालबुंद झाले. "ही अयोध्या? चुना फासा हिला!"

"राजवाडा मी देखेल नही, साहेब. देखेल नही ते कसं काढू?" एवढं बोलून धाकटे मालक स्वतःच चुन्याची बादली घेऊन आले.

तेवढ्यात सातपुड्यातून मोळी विकायला आलेली एक म्हातारी गर्दीतून पुढं झाली. पडद्यावर निंबाखाली तीच बसली होती, मोळी बाजूला, पाय पसरून. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं डोक्यावरची मोळी हळूच उतरवली, पडद्यासमोर बसली आणि तस्सेच पाय पसरले. कुणी हसलं नाही. मॅनेजरांनी धाकट्या मालकांच्या हातातली बादली काढून घेतली, बाजूला ठेवली. म्हणाले, "रामराया इथूनच जाईल."

कंपनीचा मुक्काम हलला, तेव्हा धाकटे मालक स्टेशनवर गेले. मीही गेलो. हमालांनी गुंडाळलेला पडदा उचलून डब्यात टाकायला घेतला, तसे ते धावले.

"हळू धरा, भाऊ. आतमा बाजार भरेल शे."

हमालांनी तो अलगद ठेवला. गाडी सुरतेच्या दिशेनं निघून गेली. धाकटे मालक रिकाम्या रुळांकडे बघत उभे राहिले. मीही त्यांच्या शेजारी थांबलो.