चौदा नंबरची ओळ

माझं अक्षर चांगलं आहे, एवढ्या एका गुन्ह्यासाठी मला बास्केटबॉलच्या मैदानावर नेऊन बसवण्यात आलं. जामबागेच्या बाजूला मुलींचं एक कॉलेज आहे, तिथे मी ग्रंथपाल. आमचे पी.डी. सर, म्हणजे खेळ शिकवणारे, एकदा पुस्तकांच्या नोंदवहीतलं माझं अक्षर बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी प्राचार्यांची चिठ्ठी आली की सामन्यांची स्कोअरशीट यापुढे मी लिहायची. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. सर म्हणाले, "खेल समझना जरूरी नै मॅडम. रेफरी जो दिखाते, सो लिखना." हे मला पटलं. माझे वडील सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे आणि आमच्या घरात एकच वाक्य लहानपणापासून घोटवलेलं होतं: जे कागदावर नाही, ते झालेलंच नाही.

स्कोअरशीट हा मोठा मजेशीर कागद आहे. बारा मुली, बारा ओळी. कुणी बास्केट केली की उजवीकडच्या लांब रकान्यात तिचा नंबर आणि गुण. कुणी ढकललं किंवा हातावर मारलं की तिच्या ओळीत एक फाउल. पाच फाउल झाले की ती मुलगी त्या सामन्यातून बाद. याखेरीज मैदानावर काय काय घडतं त्याला या कागदावर जागा नाही.

त्यामुळे चौदा नंबरची ओळ मला आधी खटकली आणि मग तिचा चक्क राग यायला लागला. चौदा नंबर म्हणजे आमची सेंटर, बास्केटच्या खाली उभी राहणारी सगळ्यात उंच मुलगी. सामन्यामागून सामने झाले तरी तिच्या नावावर गुण जवळजवळ नाहीतच. ओळीत फाउल मात्र ठरलेले, कधी दोन, कधी तीन. चार नंबर आमची कॅप्टन. ती धावून धावून वीस-वीस गुण करायची आणि तिचा नंबर लिहिताना माझ्या पेनाला हुरूप यायचा. चौदा नंबर नुसती हात वर करून उभी. मी एकदा सरांना विचारलंच, की या मुलीला खेळवता तरी कशाला? एवढी उंची नुसती दाखवायला ठेवली आहे का?

सर हसले. "मॅडम, अगले मॅच में बॉलकू नक्को देखो. उसकू देखो."

बॉल न बघता सामना बघणं किती अवघड आहे ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. नजर पुन्हा पुन्हा बॉलमागे पळते. सामन्यात मला लिहायचं असायचं, म्हणून मी सरावाला जाऊन बसायला लागले. चार वाजता वाचनालय बंद करायचं, चहाचा कप घ्यायचा आणि सिमेंटच्या पायरीवर बसायचं. पहिले दोन दिवस काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी दिसलं आणि मी कप खाली ठेवला.

समोरची एक मुलगी बॉल घेऊन सुसाट आत आली. बास्केट चार पावलांवर. चौदा नंबर एक पाऊल तिच्या वाटेत सरकली, बस, एकच. आत आलेली मुलगी थबकली, वळली आणि बॉल मागे देऊन मोकळी झाली. त्या बॉलचं पुढे काहीच झालं नाही. मग मी मोजायला लागले. पाव तासात अकरा जणी अशा परत गेल्या. काहीजणी तर आत यायच्या आधीच तिच्याकडे बघून बाहेरूनच बॉल फेकत होत्या आणि तो लागत नव्हता. हे सगळं घडत होतं आणि मी ते कागदावर कुठेच लिहीत नव्हते. मला इतकं नवल वाटलं की घरी जाऊन मी यजमानांना खुर्ची आणि पोळपाट मांडून ते समजावून सांगितलं. ते म्हणाले, बरं, पण जेवायला कधी वाढतेस?

दुसऱ्या दिवशी चौदा नंबरला मी वाचनालयात बोलावलं. ती दारातून मान वाकवून आली. कॉलेजातल्या सवयीनं मी हिंदीत सुरुवात केली तर ती मराठीत म्हणाली, "मराठीत बोला ना मॅडम. आमचं घर सुलतान बाजारात आहे." तिचे बाबा तिथल्या एका कापडाच्या दुकानात होते. उंची त्यांचीच, वरच्या फळीवरचे साड्यांचे गठ्ठे ते स्टुलाशिवाय उतरवतात, असं ती कौतुकानं म्हणाली.

मी प्रश्नांचा भडिमार केला. हात वर का ठेवतेस? मारत का नाहीस?

"हात सरळ वर ठेवायचे, मॅडम. पुढं गेले की शिट्टी. समोरची स्वतःच येऊन धडकली तर तिची चूक. आणि बोलत राहायचं."

"कुणाशी?"

"आपल्या पोरींशी. मला पूर्ण मैदान दिसतं ना, मी सगळ्यांच्या मागं. डावीकडून आली, मागं बघ, सोड तिला, मी आहे इथं. गळा बसतो काय की." मग जरा थांबून म्हणाली, "पण घरी कोणाला समजत नै. बाबा विचारतात किती गोल केले. मी काय सांगू? ते बोलले, ह्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या टीममधे नंबर लागला तर खेळ, नै तर बास."

ती गेल्यावर मी तिच्या सगळ्या शीट काढून बसले. बाबांना दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं. होते ते फाउल, माझ्या सुबक अक्षरातले.

मग आंतरमहाविद्यालयीन फायनल झाली. शेवटची सहा मिनिटं राहिली असताना आम्ही आठ गुणांनी पुढे होतो. चौदा नंबरचे चार फाउल झालेले, चार नंबरचेही चार. बास्केटखाली आमच्या या दोघी एकदम उडाल्या, समोरची मुलगी पडली, शिट्टी वाजली. मी चौदाच्या ओळीत पाचवा फाउल लिहिला आणि पाच आकड्याची पाटी वर केली. चौदा नंबर आधीच बाकाकडे चालू लागली होती. पुढच्या सहा मिनिटांत मी इतक्या भराभर लिहिलं की बोटं दुखली. आम्ही चार गुणांनी हरलो.

आठवड्यानं युनिव्हर्सिटीच्या निवडीसाठी कॉलेजकडून तीन नावं मागवली गेली. प्राचार्यांच्या खोलीत बैठक ठरली आणि सरांनी मला सगळ्या शीट घेऊन यायला सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "कमिटी कागज देखती मॅडम. चौदा का कागज में क्या है?"

मी चौदा नंबरला पुन्हा बोलावलं. तिची बाजू मांडायची तर निदान फाउल कसे झाले ते तरी मला माहीत हवं. फायनलची शीट समोर ठेवली आणि पहिल्या फाउलवर बोट ठेवलं. तो कसा झाला ते तिनं सांगितलं, कुठला हात, कुठलं कोपर सगळं. दुसरा सांगितला. तिसरा, चौथा. पाचव्यावर बोट ठेवलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघायला लागली.

"हा?"

"हा माझा नव्हता, मॅडम."

रेफरी खेळाडूचा नंबर बोटांनी दाखवतात. नुसती चार बोटं म्हणजे चार. एका हाताची मूठ आणि दुसऱ्याची चार बोटं म्हणजे चौदा. मी डोळे मिटून आठवलं. मूठ मला आठवेना. कशी आठवणार? रेफरी टेबलाकडे वळायच्या आधीच मी लिहून मोकळी झाले होते. बास्केटखाली शिट्टी म्हणजे चौदा, हे माझ्या हाताला पाठ झालं होतं. मी पाटी वर केली, ती चालू लागली आणि मग रेफरीनंही पुन्हा विचारलं नाही.

"मग तू बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडले. राग माझा मलाच आला होता, निघाला तिच्यावर.

"कॅप्टनचे चार झालेले. तिच्यावर लिहिलं असतं तर ती गेली असती. ती गोल करते. मी काय, उभी तर असते. वाटलं, मी गेले तर चालेल." मग घाईघाईनं म्हणाली, "कोणाला बोलू नका, मॅडम. झालं ते झालं. ती पण परेशान होईल."

घरी यजमान म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. शीटवर दोन्ही संघांच्या सह्या झाल्या आहेत, निकाल काही बदलत नाही, तू कशाला वाच्यता करतेस? खरं सांगते, मला ते रात्रभर बरोबर वाटलं. माझं अक्षर, माझी नोंद, माझ्या वडिलांचं नाव. पण सकाळी शीट पुन्हा उघडली आणि उजवीकडच्या रकान्याकडे नीट बघितलं. कुणी बाद झालं की त्या क्षणी गुणांच्या रकान्यात एक बारीक टिंब द्यायची माझी सवय आहे. वडील फाइल दुसऱ्या टेबलावर गेली की असंच टिंब द्यायचे. त्या टिंबाच्या वर, चौतीस मिनिटांत, समोरच्या संघाचे अडतीस गुण. टिंबाखाली, सहा मिनिटांत, एकवीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत झाली होती.

बैठकीत मी उभी राहून सांगितलं की पाचवा फाउल चौदा नंबरचा नव्हता, तो मी चुकीचा लिहिला. प्राचार्यांनी चष्मा काढला. माझ्या नोकरीत माझ्याकडे कुणी असं बघितलेलं नव्हतं आणि मला फार लाज वाटली. मग मी शीट टेबलावर पसरली आणि टिंब दाखवलं. "ती काय करते ते या कागदावर कुठेच नाही," मी म्हणाले. "ती नसताना काय होतं, ते मात्र आहे." पी.डी. सर वाकून तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचत राहिले. युनिव्हर्सिटीला पाठवलेल्या तीन नावांत तिचं नाव होतं. मला स्कोअरच्या कामातून मोकळं करण्यात आलं, तेही बरोबरच होतं.

संध्याकाळी ती वाचनालयात आली. तिला सरांनी सगळं सांगितलं होतं. मी तिच्यापुढे शीट ठेवली. आजवर तिनं ती कधी बघितलीच नव्हती. मुली आपापले गुण विचारायला यायच्या, तिला विचारण्यासारखं काही नसायचं.

तिनं टिंबाखाली बोट ठेवलं. "हे मी बाहेर बसले तेव्हाचं?"

"हो."

बोट हळूहळू खाली सरकायला लागलं. प्रत्येक बास्केट तिला आठवत होती. "ही मी अडवली असती. ही पण. ही नै, ही लांबून होती, चांगली होती. ही अडवली असती. ही पण." शेवटच्या आकड्यावर बोट थांबलं. "मला वाटलं होतं, मी गेले तर चालेल," ती म्हणाली.

तिनं डोळे पुसले आणि शीटची नीट घडी केली.

"हे मी बाबांना दाखवू?"